कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे: अमेरिकी फॅन्टसी फुटबॉलची बाद फेरी

न्यू जर्सी, डिसेंबर

फॅन्टसी फुटबॉल हा अमेरिकेत सप्टेंबरपासून नववर्षापर्यंत चालणारा, मित्रमंडळींत आणि कचेऱ्यांत खेळला जाणारा खेळ आहे. नॅशनल फुटबॉल लीग म्हणजे एनएफएलमधले खरे खेळाडू दहा-बारा जण आपापसांत वाटून घेतात आणि ते खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा करतात. दर आठवड्याला दोघा-दोघांची गाठ पडते आणि ज्याच्या संघाचे गुण जास्त तो जिंकतो. पहिले चौदा आठवडे साखळी चालते. पंधरावा, सोळावा आणि सतरावा आठवडा बाद फेरीचा.

रायगडच्या किनाऱ्यावर ‘टीम लावणे’ म्हटले की ड्रीम११ आठवते. तिथे एकच फलंदाज लाखो जणांच्या संघात असू शकतो आणि प्रत्येक सामन्याला संघ नव्याने लावता येतो. अमेरिकेतल्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाचा असतो. हंगामाच्या सुरुवातीला ‘ड्राफ्ट’मध्ये पाळीपाळीने निवड होते, आणि हाती आलेल्या पंधरा-सोळा जणांवर संपूर्ण हंगाम काढायचा असतो. मधल्या काळात देवाणघेवाण करता येते, कोणी न घेतलेला मोकळा खेळाडूही उचलता येतो. पण डिसेंबर उजाडेपर्यंत अदलाबदलीची मुदत संपलेली असते आणि मोकळ्या खेळाडूंत फारसा दम उरलेला नसतो. तेव्हा बाद फेरीतला प्रश्न एवढाच उरतो, की आपल्याच माणसांपैकी कोणाला खेळवायचे आणि कोणाला बसवायचे.

या खेळाचा जन्म १९६२ सालचा. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख, संघाचे जनसंपर्क अधिकारी बिल टनेल आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चे बातमीदार स्कॉटी स्टर्लिंग हे तिघे संघाबरोबर दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्यांनी नियम रचले. त्या वर्षी रेडर्सने चौदापैकी एकच सामना जिंकला होता. पहिला ड्राफ्ट १९६३च्या ऑगस्टमध्ये झाला, आठ मालकांचा. पुढे १९६९मध्ये अँडी मौसालिमास यांनी ओकलंडमधल्या आपल्या ‘किंग्ज एक्स’ बारमध्ये हा खेळ गिऱ्हाइकांसाठी खुला केला. वर्तमानपत्रातल्या धावफलकावरून पेन्सिलने गुण मांडण्याचे ते दिवस इंटरनेट येईपर्यंत टिकले. आता हिशेब ईएसपीएन, याहू, स्लीपर यांची अ‍ॅप्स ठेवतात.

लावलेल्या संघात साधारण नऊ जागा असतात. एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. दोन रनिंग बॅक, चेंडू हातात घेऊन घुसणारे. दोन वाइड रिसीव्हर आणि एक टाइट एंड, हे झेलणारे. एक ‘फ्लेक्स’, जिथे घुसणारा किंवा झेलणारा कोणीही चालतो. एक किकर, चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा. आणि एखाद्या एनएफएल संघाचा अख्खा बचाव मिळून एक जागा. घुसून किंवा झेलून मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्टीत पोहोचवल्याला, ६. क्वार्टरबॅकला दर २५ यार्डांना १ आणि टचडाउनच्या फेकीला बहुधा ४, तर फेक प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली की वजाबाकी. काही लीगमध्ये नुसत्या झेलालाही पूर्ण किंवा अर्धा गुण असतो. हा फरक लहान वाटतो, पण दर सामन्यात सहा-सात आखूड झेल घेणारा खेळाडू त्याच्यामुळे चांगला ठरतो किंवा अगदी सुमार. संघ लावण्याआधी आपल्या लीगचे गुणपत्रक वाचणे म्हणूनच पहिले काम.

साखळीत एक आठवडा वाईट गेला तरी पुढे भरपाई होते. बाद फेरीत हरला तो संपला. बारा जणांच्या लीगमध्ये बहुधा सहा जण पुढे जातात, त्यातल्या पहिल्या दोघांना पंधराव्या आठवड्यात थेट पुढची चाल मिळते. एनएफएलच्या संघांच्या विश्रांतीचे आठवडे चौदाव्यापर्यंत आटोपलेले असतात, त्यामुळे सगळे खेळाडू हाताशी असतात. निदान कागदावर. डिसेंबरपर्यंत गुडघे, घोटे आणि मांड्या दुखावलेल्या असतात, आणि बाद फेरीतल्या निर्णयाची सुरुवात इथूनच होते.

या देशाची एक रीत इथे नीट समजून घेण्याजोगी आहे. एनएफएलच्या प्रत्येक संघाला आपल्या जायबंदी खेळाडूंची यादी आठवड्यात तीन दिवस जाहीर करावी लागते. रविवारी सामना असेल तर बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार. सरावात खेळाडूने पूर्ण भाग घेतला, थोडा घेतला की घेतलाच नाही, हे नावानिशी लिहावे लागते. शुक्रवारी शेरा पडतो: ‘आउट’ म्हणजे खेळणार नाही, ‘डाउटफुल’ म्हणजे जवळजवळ नाहीच, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे सांगता येत नाही. ‘प्रॉबेबल’ हा चौथा शेरा २०१६मध्ये काढून टाकण्यात आला. ही पद्धत १९४०च्या दशकात आली, ती सट्टेबाजीच्या धास्तीने. १९४६च्या अंतिम सामन्याआधी न्यूयॉर्क जायंट्सच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचे उघडकीस आले होते. आतली बातमी मूठभरांकडे राहिली की ती विकली जाते, तेव्हा ती सगळ्यांना एकाच वेळी द्यावी, असा त्यामागचा विचार. फॅन्टसी खेळ तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता, पण आज त्याचा सारा डोलारा या उघडेपणावर उभा आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये अंतिम अकरा जण नाणेफेकीच्या वेळी कळतात, त्याआधी बहुतेक ऐकीव बातम्याच असतात.

या यादीचा अर्थ लावण्यात अनुभवी मालकाचे कसब दिसते. बुधवारी सराव न केलेला तिशीतला खेळाडू काळजीचे कारण नसतो, प्रशिक्षक त्याला मुद्दाम विश्रांती देतात. बुधवारी थोडा सराव आणि शुक्रवारी काहीच नाही, हे मात्र वाईट लक्षण, कारण दुखणे वाढले आहे. शुक्रवारचा पूर्ण सराव ही सर्वांत भरवशाची खूण. अखेरचा निकाल सामन्याच्या ९० मिनिटे आधी लागतो, त्या वेळी न खेळणाऱ्यांची यादी निघते. रविवारचा पहिला सामना इथल्या दुपारी १ला, म्हणजे हिवाळ्यात भारतातल्या रात्री साडेअकराला. तेव्हा अलिबागेत बसून इथल्या भावंडांच्या लीगमध्ये भाग घेणाऱ्याने रात्री दहाला ती यादी पाहून मगच झोपावे.

खेळाडू आपापला सामना सुरू झाला की ‘लॉक’ होतो, त्याआधी नाही. यातून एक साधी काळजी निघते. ‘फ्लेक्स’च्या जागेवर नेहमी सर्वांत उशिरा खेळणारा खेळाडू ठेवावा. रविवारी रात्री ८.२० किंवा सोमवारी रात्री खेळणारा, ‘क्वेश्चनेबल’ शेरा असलेला रनिंग बॅक त्याच्या ठरलेल्या जागेवर ठेवला आणि तो ऐनवेळी बसला, तर त्याच्या जागी दुसरा रनिंग बॅकच शोधावा लागतो, आणि तोवर आपले बाकीचे खेळून झालेले असतात. तोच फ्लेक्समध्ये असेल तर झेलणाऱ्यालाही आत घेता येते. एवढ्याशा हलगर्जीने उपांत्य फेरी हातची जाते.

मैदानात कोण उतरणार हे कळल्यावर पुढचा प्रश्न त्याला किती संधी मिळतील हा. इथे कबड्डीची जाण उपयोगी पडते. एखाद्या चढाईपटूने परवा पाच चढायांत सहा गुण घेतले आणि दुसऱ्याने वीस चढायांत आठ, तर पुढच्या सामन्यासाठी जाणता माणूस दुसऱ्यावर भिस्त ठेवतो. गुण येतात आणि जातात, पण कर्णधार कोणाला पुन्हापुन्हा चढाईला पाठवतो ते सहसा बदलत नाही. फुटबॉलमध्ये चढायांच्या जागी रनिंग बॅकच्या हाती चेंडू किती वेळा दिला आणि रिसीव्हरच्या दिशेने किती वेळा फेकला हे मोजायचे. एका लांब टचडाउनने गेल्या आठवड्यात गाजलेला, पण फक्त दोनदा चेंडू वाट्याला आलेला रिसीव्हर बाद फेरीत खेळवणे म्हणजे कालच्या बातमीवर आजची पैज लावणे होय.

संधी नावावर नव्हे, जागेवर अवलंबून असते, याचा मोठा दाखला २०१८ सालचा. लॉस एंजेलिस रॅम्सचा टॉड गर्ली त्या वर्षी फॅन्टसीतला सर्वांत मोलाचा खेळाडू होता, कितीतरी संघ त्याच्या जिवावर बाद फेरीत पोहोचले होते. सोळाव्या आठवड्यात, जो तेव्हा बहुतेक लीगचा अंतिम आठवडा असे, तो गुडघ्यामुळे खेळू शकला नाही. त्याच्या जागी रॅम्सने त्याच आठवड्यात करारबद्ध केलेला सी. जे. अँडरसन उतरला. मोसमात आधीच दोन संघांनी सोडलेला हा खेळाडू २३ डिसेंबरला अ‍ॅरिझोनाविरुद्ध १६७ यार्ड धावला आणि एक टचडाउनही केला. ज्या गर्लीमालकाने बाकावरची एक जागा रिकामी करून अँडरसनला उचलून ठेवले होते, त्याची लीग वाचली. म्हणून बाद फेरीत बाकावर तिसरा-चौथा रिसीव्हर साठवण्यापेक्षा आपल्या मुख्य रनिंग बॅकच्या बदली खेळाडूला जागा देणे शहाणपणाचे.

प्रतिस्पर्धी संघाचा बचाव कसा आहे याची चर्चा इथे फार होते, आणि तिला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. पहिल्या प्रतीच्या खेळाडूला बचाव कडक आहे म्हणून बसवू नये. समोरच्या बचावाचा विचार करावा तो दोन जवळपास सारख्या खेळाडूंत निवड करताना, आणि किकर व बचाव या जागा भरताना. बचाव तर दर आठवड्याला बदलला तरी चालतो: समोरचा क्वार्टरबॅक बदली असेल, तर साधा बचावही भरपूर गुण देतो.

हवामानाचे मात्र बघावे लागते. बर्फ पडताना पाहून लोक घाबरतात, पण फेकीचा खरा शत्रू वारा. बफेलो, ग्रीन बे, आणि इथे ईस्ट रदरफर्डचे मेटलाइफ स्टेडियम, ही सगळी उघडी मैदाने. जोराचा वारा असला की लांबच्या फेकी आणि लांबच्या किक दोन्ही बिघडतात, आणि संघ चेंडू हातात घेऊन धावण्यावर येतात. डेट्रॉइट, मिनियापोलिस, न्यू ऑर्लिन्स इथे छताखाली सामने होतात. दोन सारख्या किकरांत छताखालचा निवडावा.

आता सर्वांत बारीक भाग. अ‍ॅप प्रत्येक खेळाडूसमोर अपेक्षित गुणांचा आकडा दाखवते, आणि नवखा मालक मोठा आकडा बघून संघ लावतो. पण तो आकडा सरासरीचा आहे. समजा दोन रिसीव्हर आहेत, दोघांसमोर १२. एक दर आठवड्याला १० ते १४ देतो. दुसरा एकदा ४ देतो, एकदा २०. साखळीत दोघे सारखेच. बाद फेरीत नाहीत. आपला संघ वरचढ असेल तर पहिला खेळवावा, म्हणजे घसरगुंडीची भीती कमी. समोरचा संघ स्पष्टपणे भारी असेल तर दुसरा, कारण सगळे जण सरासरीवर राहिले तर हार ठरलेलीच आहे, मोठी उसळीच काय ती तारू शकते. हाच न्याय जोड्यांना लागतो. आपला क्वार्टरबॅक आणि त्याच संघातला आपला रिसीव्हर एकत्र चढतात, एकत्र पडतात. कमकुवत संघाने अशी जोडी मुद्दाम खेळवावी. उलट प्रतिस्पर्ध्याकडे क्वार्टरबॅक असेल आणि त्याचा रिसीव्हर आपल्याकडे, तर त्याच्या प्रत्येक टचडाउनच्या फेकीत आपलाही वाटा येण्याची शक्यता असते, आणि वरचढ संघाला ते सोयीचे.

सोमवारी रात्री तर गणित अगदी उघडे होते. एका गुणाची आघाडी आहे, प्रतिस्पर्ध्याचे सगळे खेळून झाले आहेत आणि आपला फक्त बचाव उरला आहे, अशा वेळी बचावाला बसवून जागा रिकामी ठेवणे योग्य. कारण बचावाने मैदानावर समोरच्या संघाला ३५च्या वर गुण करू दिले तर अनेक लीगमध्ये उणे गुण पडतात, आणि रिकाम्या जागेला शून्य.

इतके करूनही हरायला होते. २०२०च्या नाताळाच्या दिवशी, तेव्हाच्या अंतिम आठवड्यात, न्यू ऑर्लिन्सच्या अल्विन कमाराने मिनेसोटाविरुद्ध सहा टचडाउन केले आणि १९२९पासूनच्या विक्रमाची बरोबरी केली. समोर कमारा असलेल्या मालकाने कितीही नीट संघ लावला असला तरी शनिवार उजाडण्याआधीच त्याचा अंतिम सामना जवळजवळ संपला. त्याचा निर्णय त्यामुळे चूक ठरत नाही. निर्णय तपासायचा तो, सामना सुरू होण्याआधी काय माहीत होते त्यावरून.

अठराव्या आठवड्यात अंतिम सामना ठेवू नये, हा बहुतेक लीगचा संकेत आहे. २०२१पासून एनएफएलचा साखळी हंगाम अठरा आठवड्यांचा झाला. शेवटच्या आठवड्यात ज्या संघांचे स्थान पक्के झाले आहे ते आपले बिनीचे खेळाडू बसवतात आणि वर्षभर कमावलेला फॅन्टसी संघ निकामी होतो.

लीगचे नियम आधी लिहून ठेवावेत हे शिकवणारा प्रसंग २ जानेवारी २०२३चा. सतरावा आठवडा, सोमवारची रात्र, बफेलो विरुद्ध सिनसिनाटी. जॉश ॲलन, जो बरो, स्टेफॉन डिग्ज, जमार चेस असे फॅन्टसीतले सर्वांत मोठे खेळाडू एकाच सामन्यात, आणि देशभरचे अंतिम सामने त्यावर अवलंबून. पहिल्याच सत्रात बफेलोचा डमार हॅमलिन एका टक्करीनंतर उठला आणि लगेच कोसळला. त्याचे हृदय थांबले होते, मैदानावरच उपचार करावे लागले. तो बरा झाला आणि पुढच्या हंगामात पुन्हा खेळलाही, पण सामना रद्द झाला तो कायमचा. कोणाच्या खात्यात काय जमा करायचे, याचे उत्तर बहुतेक लीगच्या नियमांत नव्हते. कुठे दोघांना संयुक्त विजेते ठरवले, कुठे बक्षीस वाटून घेतले, कुठे त्या खेळाडूंचे अठराव्या आठवड्याचे गुण धरले. लीग चालवणाऱ्या ‘कमिशनर’ने, म्हणजे मंडळींतल्याच एकाने, अशा वेळी काय करायचे ते ड्राफ्टच्या आधी, कोणाचा खेळाडू कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसताना, सर्वांच्या संमतीने लिहून घ्यावे.

पैशाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या २००६च्या संघीय कायद्यात फॅन्टसी खेळांना ऑनलाइन जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे, बाकी नियम राज्याराज्यांत वेगळे. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि ड्रीम११ने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. किनाऱ्यावरून इथल्या नातलगांच्या लीगमध्ये यायचे असेल तर ती बिनपैशाचीच असावी. ईएसपीएन, याहू आणि स्लीपर या तिन्हींवर तशी लीग फुकट काढता येते, आणि संघ लावण्याचे वर सांगितलेले सगळे काम तिच्यातही तसेच करावे लागते.