ढकलायची आणि फिरवायची

जुनी लेन्स ढकलायची, नवी फिरवायची. कॅननच्या १००-४०० मिलिमीटर झूमच्या दोन पिढ्यांतला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत हाताला कळतो. बाकीचे फरक कळायला मात्र आमच्या महाड-पोलादपूरकडचा एक अख्खा पावसाळा आणि त्यामागून येणारी थंडी बघावी लागते. जुनी १९९८ सालची. तिची पुढची नळी ढकलली की ४००, ओढली की १००. नवी, म्हणजे ‘मार्क टू’, नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झाली. तिचं रुंद रबरी कडं मनगटाने फिरवायचं. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींच्या तोंडाशी लाल पट्टी, दोन्हींना फिल्टर ७७ मिलिमीटरचा, आणि ४०० वर दोन्हींचं ॲपर्चर एफ ५.६. म्हणजे सोळा वर्षांत कंपनीने उजेड कणभरही वाढवून दिलेला नाही. मग पैसे कशाचे द्यायचे?

आमच्याकडे टेली लेन्स विकत घेण्याचं पहिलं कारण म्हणजे सावित्रीतल्या मगरी. महाडपर्यंत खाडीचं पाणी चढतं. एकेकाळी बाणकोटहून गलबतं भरतीबरोबर इथवर येत, आणि महाड हे बंदर होतं. गलबतं गेली, भरती-ओहोटी राहिली. थंडीच्या दिवसांत ओहोटी लागली की दादली पुलाच्या आसपास चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मगरी उन्हाला येऊन पडतात. अंग तापलं की जबडा उघडून निवांत. ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला तेव्हा या नदीत मगरी आहेत हे उभ्या महाराष्ट्राला कळलं. आम्हाला त्या शेजारणीसारख्या ओळखीच्या. तरीही शेजारणीच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, एवढं भान प्रत्येकाला असतं. म्हणून अलीकडचा काठ आपला, पलीकडचा तिचा, आणि मधलं अंतर लेन्सने तोडायचं.

ते किती तुटतं याचा हिशोब सोपा आहे. अडीच मीटरची मगर १०० मीटरवर पडली आहे असं धरा. ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर तिचं चित्र पडतं १० मिलिमीटर लांबीचं. माझ्या कॅमेऱ्याची बॉडी सेव्हन डी मार्क टू, तिचा क्रॉप सेन्सर २२.४ मिलिमीटर रुंद. म्हणजे मगर अर्ध्या चौकटीतही भरत नाही. तिचा डोळा तीन सेंटिमीटरचा धरला तर त्याच्या वाट्याला तीसएक पिक्सेल येतात. नवी लेन्स चांगली की जुनी, हा सगळा वाद दूरच्या जनावराच्या बाबतीत या तीस पिक्सेलांत मिटवायचा असतो. बाकी फोटोत चिखल असतो, आणि चिखल दोन्ही लेन्समधून उत्तमच दिसतो.

मी दोन्ही लेन्स पोलादपूरच्या एसटी स्थानकातल्या वेळापत्रकाच्या पाटीवर लावून पाहिल्या. ट्रायपॉडवर, सावलीत, पंचवीसेक पावलांवरून. परीक्षेला यापेक्षा चांगला तक्ता मिळणार नाही: बारीक आकडे, उडालेला रंग, मधे कुणी तरी खडूने केलेली दुरुस्ती. जुनीने ४०० वर, पूर्ण उघड्या ॲपर्चरला, पाटीच्या मधले आकडे स्वच्छ दिले, पण रंगावर दुधाळ साय आल्यासारखी, आणि कोपऱ्यातल्या गाड्यांची नावं वाचायला डोळे बारीक करावे लागत होते. एफ ८ ला तिचं पुष्कळसं सुधारलं. नवीने एफ ५.६ लाच कोपऱ्यापर्यंत सगळं वाचून दाखवलं, खडूचा भुगासुद्धा. यात नवल नाही. जुनीत १४ गटांत १७ भिंगं आहेत, नवीत १६ गटांत २१. शिवाय आतल्या परावर्तनावर उपाय म्हणून नवीत एका भिंगावर नव्या प्रकारचा लेप आहे. फ्लोराइटचं एकेक भिंग दोघींतही आहे. फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा कारखान्यात वाढवलेला स्फटिक. रंग फुटू न देण्यात काचेपेक्षा सरस, पण उष्णतेने काचेपेक्षा जास्त प्रसरण पावणारा. कॅननने मोठ्या लेन्स पांढऱ्या रंगवायला सुरुवात केली ती यासाठी. एप्रिलमध्ये महाडच्या उन्हात उभं राहिलं की पटतं. पक्ष्यांना मात्र ते पांढरं नळकांडं लांबून दिसतं, म्हणून वरून हिरव्या-तपकिरी कापडाचा अंगरखा चढवावाच लागतो.

पाटीवर नवी जिंकली. पण नदीवर? थंडीत सकाळी सावित्रीच्या खोऱ्यात धुकं बसतं, नऊ-साडेनऊपर्यंत हलत नाही. धुकं हललं की ऊन चिखलावर पडतं आणि तासाभरात चिखलावरची हवा थरथरू लागते. डोळ्याला ती दिसत नाही, लेन्सला दिसते. मगरीच्या पाठीवरचे खवले एका फोटोत सरळ रेषेत, पुढच्या फोटोत पाण्याखाली असल्यासारखे वाकडे. अशा हवेत दोन्ही लेन्समधून आळीपाळीने काढलेले फोटो नंतर संगणकावर मिसळून ठेवले तर कुठला कुणाचा हे मला तरी ओळखता आलं नाही. १०० मीटरच्या पुढे महाडची हवा दोघींना एका पायरीवर आणून बसवते. खाडीपलीकडच्या फोटोंसाठी म्हणून जे मित्र नवी घ्यायला निघतात त्यांना मी सांगतो, त्या पैशात ओहोटीचं वेळापत्रक पाठ करा आणि ओहोटी सकाळी धुकं विरण्याच्या सुमारास येते ते दिवस धरा. तो अर्धा तास कुठल्याही लेन्सपेक्षा मोठा आहे.

अंतर आणखी वाढलं तर गोष्ट थोडी बदलते. म्हसळा तालुक्यात चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत. महाडच्या सीस्केप संस्थेने त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं आहे. जनावरांच्या उपचारातल्या डायक्लोफेनॅकमुळे देशभरात गिधाडं मेली आणि २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली, हे आता बहुतेकांना माहीत असतं. घरट्याजवळ जायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मग १.४ चा एक्स्टेंडर लावून ४०० चे ५६० करायचे. एफ ५.६ चा एफ ८ होतो, फोकस फक्त मधल्या एका बिंदूवर चालतो, आणि इथे जुनी थकते. तिच्यावरची ती साय दाट होते. नवीचं चित्र मात्र टिकून राहतं.

थरथर हवेची असते तशी हाताचीही असते, आणि तिच्यावर नवीचा इलाज फार वरचा आहे. हात स्थिर करणारी यंत्रणा कॅननने झूम लेन्समध्ये पहिल्यांदा १९९५ ला आणली. जुनी १००-४०० तिच्या मागोमाग तीन वर्षांनी आली. तिच्यातली यंत्रणा दोन स्टॉपची. क्रॉप बॉडीवर ४०० ला हातात धरून साधारण १/६४० चं शटर लागतं; जुनी ते १/१६० पर्यंत खाली आणू देते. नवीची चार स्टॉपची, म्हणजे १/४०. जुनी लावून शटरचं बटण अर्धं दाबलं की आत काही तरी घरघरतं, चित्र एक गचका खाऊन स्थिर होतं. ट्रायपॉडवर तिची यंत्रणा आठवणीने बंद करावी लागते. नवीत सगळं मुकाट्याने होतं. संध्याकाळी साडेपाचनंतर, डोंगराची सावली नदीवर उतरल्यावर, पडून राहिलेल्या मगरीचा फोटो नवीने १/५० ला मिळतो आणि आयएसओ ताब्यात राहतो. खंड्या किंवा टिटवी असेल तर याचा काडीचा उपयोग नाही. पक्षी हलतो तो हलतोच. यंत्रणा आपला हात धरते, त्याचा पंख नाही.

हाताचा विषय निघालाच आहे तर ढकलण्याबद्दल. जुनीला बाहेर ‘धूळ ओढणारा पंप’ म्हणतात. ढकल-ओढ करताना ती हवा आत घेते हे खरं. पण लांब होणारी प्रत्येक झूम हवा आत घेणारच, नवीही घेते. महामार्गाच्या चौपदरीकरणात जी लाल धूळ आम्ही वर्षानुवर्षं खाल्ली तिच्यात जुनी फिरली, आणि तिच्या आत चार-दोन ठिपके आहेत जे कुठल्याही फोटोत दिसत नाहीत. ढकलण्याचा फायदा मात्र खरा आहे. मगर पाण्यात शिरायची असते तेव्हा आधी काही सांगत नाही. ती घसरते आणि पाणी उडतं. त्या क्षणी ४०० वरून २०० वर यायचं तर जुनी एका ओढीत येते, डावा हात लेन्सच्या पोटाखालून हलतही नाही. नवीचं कडं फिरवताना कोपर बाहेर जातं आणि चौकट तिरकी होते. सवयीने जमतं, पण जमवावं लागतं. जुनीचा दोष असा की ४०० वर सगळा भार पुढे सरकतो आणि मनगट भरून येतं. वजन जुनीचं १,३८० ग्रॅम, नवीचं ट्रायपॉडच्या पट्ट्याशिवाय १,५७०. कागदावर जुनी हलकी, पण तासभर हातात धरल्यावर नवी.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग जुनीच बरी. त्याने जुलैत पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी यावं.

नवीतला सर्वांत मोठा बदल दूरचा नाही, जवळचा आहे. जुनीचा फोकस १.८ मीटरच्या आत येत नाही. नवी ९८ सेंटिमीटरपर्यंत येते. आकडे साधे वाटतात, पण जुनीतून जवळात जवळ जाऊन चौकटीत ११ सेंटिमीटर रुंदीचं जग मावतं, नवीतून सात. चार सेंटिमीटरचा चतुर जुनीत चौकटीचा तिसरा भाग व्यापतो, नवीत अर्ध्याहून अधिक. आणि तो उडत नाही, कारण आपण त्याच्यापासून हातभर नव्हे, चांगले दोन हात लांब असतो. मॅक्रो लेन्स घेऊन त्याच्या तोंडाशी गेलो असतो तर एव्हाना तो ओढ्यापलीकडे असता.

घाटाच्या कडेला ओढ्यावर दगडावर बसलेला चतुर नवीतून पाहिला की पंखाच्या टोकाजवळचा तो लहानसा रंगीत चौकोन दिसतो, त्याच्या कडेची शिरही दिसते. पंखावर पावसाचे थेंब अडकलेले. प्रत्येक थेंबात समोरचा डोंगर उलटा. डोळे तपकिरी म्हणून आपण सोडून देतो, पण वरचा अर्धा भाग गडद आणि खालचा फिका असतो, मधे रेघ. जुनीतून याच दगडावरच्या याच जातीच्या चतुराचे माझ्याकडे फोटो आहेत. त्यांत चतुर आहे, दगड आहे, थेंबही आहेत. थेंबातला डोंगर नाही. नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, तर इतकं मोठं की नवी घेऊन उलटी दोन पावलं मागे यावं लागतं. बेडूक, सरडे, तेरड्याचं एकटं फूल, कारवीच्या पानावरची अळी, हे सगळं पावसाळ्यात पोलादपूरच्या रस्त्याकडेला असतं, आणि मगरीसाठी घेतलेल्या लेन्सने मी आता जास्त फोटो याचेच काढतो. मगर वर्षातले चार महिने, आणि त्यातही ओहोटी असली तर.

पावसाळ्याचं नाव काढलं की कोकणात लेन्सवाल्याच्या पोटात गोळा येतो. इथे ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. हवा महिनोन् महिने ओली. भिंगावर बुरशी धरते, आधी केसासारखा धागा, मग कोळ्याचं जाळं, आणि तिचं आम्ल भिंगाचा लेप खातं. एकदा लेप खाल्ला की पुसून काही होत नाही. नवीच्या माउंटला रबराची कडी आहे, पुढच्या-मागच्या भिंगावर पाणी न धरणारा लेप आहे, शिंतोडे रुमालाने टिपले की झालं. जुनीला असं काही नाही, भुरभुर सुरू झाली की पिशवीत. पण बुरशीला रबर अडवत नाही. तिथे दोघींना एकच पथ्य: आर्द्रता ४०-५० टक्क्यांत ठेवणारं कपाट, नाही तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, गुलाबी झाली की तव्यावर परतून पुन्हा निळी करायची. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तांदळाचा भुगा आत जातो. भाताला आणि लेन्सला दोघांनाही ते मानवत नाही. आणि डबा ठेवायचा तो वरच्या मजल्यावर. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आज मिररलेसच्या बाजारात दोघी म्हाताऱ्याच. २०२० पासून त्यांच्या जागी १००-५०० आली आहे, आणि अडॅप्टर लावून या दोघीही नव्या बॉडीवर चालतात, म्हणून सेकंडहँड बाजारात त्यांना अजून गिऱ्हाईक आहे. नवख्याला मी विचारतो, काय काढणार? उत्तर ‘मगर, बगळे’ आलं तर जुनी, बुरशी टॉर्च मारून तपासून. ‘जे दिसेल ते’ आलं तर नवी.

माझी जुनी लेन्स सध्या गल्लीतल्या एका पोराकडे आहे. थंडीत आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचा हंगाम असतो, आणि तो मंडळांना षटकारांचे फोटो काढून देतो. नवी एक दिवस वापरून बघ म्हणून दिली होती. संध्याकाळी परत आणून दिली.

“तुमची नको, काका. चेंडू वर गेल्यावर फिरवत कोण बसणार?”