पाळीव प्राण्यांच्या दुकानातील सेवा, प्राण्यांची निगा आणि ग्राहकाचा अनुभव : एक विवेचन

प्रस्तावना

सेवाक्षेत्राच्या अभ्यासात ग्राहकाचे समाधान हा सेवेच्या गुणवत्तेचा प्रमुख मापदंड मानला जातो. पारसुरामन, झेथॅमल व बेरी या अभ्यासकांनी १९८८ मध्ये मांडलेल्या 'सर्व्हक्वाल' या मापनपद्धतीत भौतिक सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि समानुभूती अशी सेवेची पाच अंगे सांगितली आहेत. बँका, दुरुस्तीसेवा, दूरध्वनी यांसारख्या व्यवसायांच्या अभ्यासातून ही पद्धत आकारास आली. आज आपल्या वाणिज्य शाखेचे विद्यार्थी तीच प्रश्नावली किराणा दुकानापासून रुग्णालयापर्यंत सर्वत्र लावतात व बहुतेकांचे निष्कर्ष 'ग्राहक समाधानी आहेत' असेच निघतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानाला ही फूटपट्टी लावताना मात्र एक अडचण उभी राहते. तेथे सेवा घेणारा एक आणि तिचे परिणाम भोगणारा दुसरा असतो, आणि या दुसऱ्याला प्रश्नावली भरता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राहकास जी उत्तम सेवा वाटते तीच पुष्कळदा प्राण्याच्या दृष्टीने वाईट निगा असते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचे विवेचन केले आहे.

बैलबाजार आणि काचेचे कपाट

बीड–सोलापूर मार्गावरील चौसाळा व त्याच्या परिसरातील शेतकऱ्यास जनावराची खरेदी नवी नाही. लालकंधारी किंवा देवणी बैल पाहताना तो आधी जबडा उघडतो. अदंत, दुदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला ही सारी परिभाषा म्हणजे वयाचा दाखलाच होय. त्यानंतर तो बैलास चालवून पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो. विकणारा हेडी कितीही चतुर असला तरी घेणाराही तितकाच जाणता असतो. रुमालाखाली बोटे धरून होणारा सौदा बाहेरच्यास गूढ वाटतो. पण त्यात गुप्त असते ती केवळ किंमत. जनावर सर्वांसमोर उभे असते.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात हे चित्र उलटे होते. किंमत पाटीवर असते आणि प्राणी अज्ञात असतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्यास वस्तूचे दोष ठाऊक असतील व ग्राहकास नसतील तर चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. पिल्लाला वेळेवर लसी देणारा, पुरते दिवस आईजवळ ठेवणारा दुकानदार अधिक खर्च करतो. परंतु काचेमागे दोन्ही पिल्ले सारखीच गोंडस दिसतात. ग्राहक साहजिकच स्वस्त पिल्लू घेतो.

हे विवेचन प्रस्तुत लेखकास पुस्तकातून सुचलेले नाही. काही वर्षांपूर्वी लेखकाने एका शहरातील दुकानातून लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आणले. दुकान चकचकीत होते, मालक अत्यंत आर्जवी. त्याने पिल्लू थेट लेखकाच्या मुलीच्या मांडीवर ठेवले, वय दोन महिने सांगितले व लस झाल्याचीही ग्वाही दिली. पावती मागितली असता, "सर, पावती कशाला? केव्हाही फोन करा," असे उत्तर मिळाले. त्या दिवशी कोणी 'सर्व्हक्वाल'ची प्रश्नावली हाती दिली असती तर लेखकाने पाचही अंगांना पूर्ण गुण दिले असते. पाचव्या दिवशी पिल्लास उलट्या व रक्ताची हगवण सुरू झाली. सातव्या दिवशी ते गेले. पशुवैद्यांनी त्याचा जबडा उघडून दाखविला. मागील दाढा पुरत्या फुटल्याही नव्हत्या. पिल्लाचे सर्व २८ दुधाचे दात साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत येतात. म्हणजे दोन महिन्यांची गोष्ट खोटी होती. लेखकाचे वडील आयुष्यभर बैलांचे दात पाहत आले. पिल्लाचे दात पाहावेत हे मात्र घरात कोणालाही सुचले नाही.

उत्तम सेवेचे दुष्परिणाम

पशुवैद्यांचे निदान पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचे होते. या आजारात लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते सात दिवस जातात. त्यामुळे दुकानात लागण झालेले पिल्लू विक्रीच्या दिवशी खेळकर दिसते व घरी आल्यावर आजारी पडते. ग्राहक स्वतःलाच दोष देतो : दूध बदलले, थंडी लागली, मुलांनी फार हाताळले. हा विषाणू वातावरणात अनेक महिने टिकतो आणि विष्ठा, भांडी, कपडे व माणसांचे हात यांच्यामार्फत पसरतो.

आता ग्राहकास सुखावणारी सेवा पुन्हा पाहू. प्रत्येक येणाऱ्याच्या हाती प्रत्येक पिल्लू देणे ही समानुभूती समजली जाते. प्रत्यक्षात तेच हात एका पिंजऱ्यातील रोग दुसऱ्यात नेतात. मागितल्याबरोबर पिल्लू मिळणे ही तत्परता. परंतु त्यासाठी पिल्लास आईपासून लवकर तोडावे लागते. 'लस झाली आहे' हे आश्वासन; पण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाच्या शरीरात असेपर्यंत ती लसीचा प्रभाव रोखू शकतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने मात्रा द्याव्या लागतात. एका टोचणीने संरक्षण मिळाले असे मानता येत नाही. भर रस्त्यावर प्रकाशाने उजळलेली काच ही भौतिक सुविधा. आतल्या प्राण्यास मात्र दिवसभर लपायला कोपरा नसतो. उलटपक्षी, हात धुवायला लावणारा, मांडीवर पिल्लू न देणारा, 'तीन आठवड्यांनी या' असे सांगणारा, घरी प्राण्याकडे कोण पाहणार याची चौकशी करणारा दुकानदार ग्राहकास उद्धट वाटतो.

आणखी एक प्रकार दयेपोटी होणाऱ्या खरेदीचा. कोपऱ्यातील मलूल पिल्लू पाहून 'निदान हे तरी वाचेल' म्हणून सहृदय ग्राहक ते विकत घेतो. त्याचा हेतू निर्मळ असतो; दुकानदाराच्या वहीत मात्र ती विक्रीच असते आणि रिकामा पिंजरा पुन्हा भरतो. पोपटाच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडील पोपट विकणे वा पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे. अनेक घरांच्या ओसरीत पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या पिंजऱ्यामुळे ही गोष्ट सुशिक्षितांनाही खरी वाटत नाही.

कायदा आणि कागद

जनावरांच्या कल्याणाची चर्चा १९६५ च्या ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीच्या अहवालापासून नव्या दिशेने सुरू झाली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम त्याहूनही आधीचा, १९६० चा आहे. त्याखालील २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार प्रजनन करणाऱ्यास आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि लसी व जंतनाशकाच्या तारखांची माहिती खरेदीदारास द्यावी लागते. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनी दुकानास राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी बंधनकारक केली व खरेदी-विक्रीची नोंद ठेवण्यास सांगितले. म्हणजे ग्राहकाने नोंदणी प्रमाणपत्र मागणे हा उद्धटपणा ठरत नाही. आपल्याकडे ते मागण्याचा संकोच मात्र फार आहे.

ग्राहक कायद्याच्या दृष्टीने प्राणी ही जंगम मालमत्ता, म्हणून 'वस्तू' होय. जिवाला वस्तू म्हणणे कानाला खटकते. तथापि याच व्याख्येमुळे खरेदीदारास दाद मागता येते. १९८६ च्या अधिनियमानुसार तक्रार विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा वादाचे कारण घडले तेथे करावी लागे. पुण्यात घेतलेल्या पिल्लासाठी चौसाळ्याचा माणूस पुण्याला खेटे घालील, हे संभवत नव्हते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदार राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. त्यामुळे ही तक्रार आता बीडमध्येच दाखल होऊ शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आयोगापुढे लागतात ती पावती, लसीकरणाचे पत्रक, पशुवैद्यांचे निदानपत्र आणि प्राणी दगावला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल. लेखकाकडे यांपैकी केवळ निदानपत्र होते. पिल्लू त्याच संध्याकाळी बांधावरच्या लिंबाखाली पुरले होते, आणि दुकानदाराचा फोन तोवर लागेनासा झाला होता.