क्लिक माणसाचा की यंत्राचा?

वेबसाइट उघडताना, पान पूर्ण दिसायच्या आत, त्यावरच्या मोकळ्या जागेचा लिलाव होऊन जातो. बोली जिंकणाऱ्याची जाहिरात तिथे झळकते. जाहिरातदार पैसे मोजतो ते माणसाच्या नजरेसाठी; पण पडद्यासमोर माणूस आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. याचाच फायदा घेऊन संगणकी प्रोग्राम, म्हणजे ‘बॉट’, प्रेक्षक म्हणून उभे केले जातात. हे तोतये हुडकणे हे डेटा सायंटिस्टांचे काम.

‘मेथबॉट’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. ‘व्हाइट ऑप्स’ या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये ते उघडकीस आणले. रशियन नागरिक अलेक्झांडर झुकोव्ह याच्या टोळीने १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले होते. त्यांवरचे बॉट माउस हलवत, पान खाली सरकवत, व्हिडिओ मध्येच थांबवत आणि फेसबुकवर लॉग-इन असल्याचे भासवत. साडेसहा लाखांहून अधिक आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे घरक्रमांक, खोट्या नोंदी करून सामान्य घरांचे म्हणून दाखवले गेले. जाहिरातदारांना सुमारे ७० लाख डॉलरचा फटका बसला. फसलेल्यांत टेक्सासमधील मुलांचे एक रुग्णालयही होते.

अशी नक्कल ओळखायची कशी? एकच क्लिक पाहून सहसा काही कळत नाही. हजारो क्लिक एकत्र पाहिले की आकृतिबंध दिसतो. माणूस रात्री झोपतो, जेवायला उठतो, वाचताना रेंगाळतो. त्याच्या दोन क्लिकमधले अंतर कमी-जास्त होते. यंत्राचा अनियमितपणाही अनेकदा ठरावीक सूत्रातून आलेला असतो. शिवाय ब्राउझर स्वतःची जी माहिती सांगतो ती प्रत्यक्ष वागण्याशी जुळते का, हेही तपासले जाते.

खरी अडचण गणितात आहे. समजा, १०,००० भेटींपैकी १०० बनावट आहेत आणि चाचणी ९५ टक्के अचूक आहे. ती ९५ तोतये पकडेल. पण उरलेल्या ९,९०० खऱ्या भेटींपैकी ४९५ भेटींवरही बनावटीचा शिक्का मारेल. म्हणजे पकडलेल्या सहांपैकी पाच निर्दोष! दुर्मीळ आजाराच्या सरसकट तपासणीत डॉक्टरांना हाच पेच पडतो, म्हणून ते दुसरी चाचणी करतात. इथेही एकमेकांवर अवलंबून नसलेले अनेक पुरावे जुळल्यावरच निर्णय घ्यावा लागतो. घाई झाली, तर एखाद्या प्रामाणिक छोट्या वेबसाइटचे उत्पन्न बंद पडते.

आजाराचे निदान बायोप्सीने पक्के करता येते. इथे मात्र ‘मी बॉट होतो’ असे कोणी कबूल करत नाही. त्यात प्रतिस्पर्धी शिकणारा. एक खूण पकडली गेली की तो ती बदलतो. त्यामुळे काही वेळा सापडलेला बॉट लगेच न रोखता, त्याचे संपूर्ण जाळे उलगडेपर्यंत नुसते लक्ष ठेवले जाते.

हे शिकणे किती पुढे जाते, ते ‘ईव्ह’ या दुसऱ्या घोटाळ्यात दिसले. त्या टोळीने खोटे पत्ते नोंदवण्याऐवजी लोकांचे खरे संगणकच व्हायरसने ताब्यात घेतले. त्यांची संख्या १७ लाखांहून अधिक होती. पत्ता खरा, घर खरे, फक्त क्लिक खोटा! मालकाच्या नकळत मागे लपलेला ब्राउझर जाहिराती पाहत राही. यात २ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक रक्कम लुबाडली गेली. २०१८ मध्ये एफबीआय आणि अनेक खासगी कंपन्यांनी मिळून हे जाळे मोडले. झुकोव्हला त्याच वर्षी बल्गेरियात अटक झाली आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला १० वर्षांची शिक्षा सुनावली.

हा घोटाळा सामान्य माणसापासून दूर नाही. जाहिरातींत वाया गेलेला पैसा वस्तूच्या किमतीत मिसळू शकतो, आणि बातम्या देणाऱ्या वेबसाइटचे हक्काचे उत्पन्न तोतयांकडे वळते. अनोळखी ठिकाणाहून घेतलेले फुकट सॉफ्टवेअर टाळणे आणि संगणक, फोन वेळोवेळी अपडेट ठेवणे एवढे तरी प्रत्येकाच्या हातात आहे. नाहीतर तोतयाचा पुढचा पत्ता आपल्याच घराचा असू शकतो.