दोरीवरच्या कपड्यांवरची राख

कोराडी, चंद्रपूरकडच्या वस्त्यांत दोरीवरच्या कपड्यांवर राख बसते; आपण झटकतो आणि विसरतो. आपल्या देशी कोळशात दगडमाती फार. १०० किलो जाळला की ३० ते ४० किलो राख उरते. आधी धुतला तर ती घटते. खाणींपासून दूरच्या आणि प्रदूषित भागांतल्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांहून कमी राखेच्या कोळशाची अट होती. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने तीही काढली! चिमणीआधीचे यंत्र बहुतेक राख पकडते, पण सुटलेले बारीक कण फुफ्फुसात खोल उतरतात. म्हणून आम्ही सांगतो, घर ओल्या फडक्याने पुसा, पिण्याचे पाणी झाका. खोकला २ आठवडे टिकला तर दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. आणि जनसुनावणी झाली तर आपण सगळ्यांनी जाऊन विचारू : इथे येणारा कोळसा धुतलेला असतो का?