घसा बरा झाला, तरी औषध पुरें करा

मुलाचा घसा दुखूं लागला, कीं आपल्या घरांत प्रथम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि हळद घातलेलें दूध यांची तयारी होते. त्यांत वावगें कांहींच नाहीं. त्यानें आराम पडतो. परंतु घशाचें एक दुखणें असें आहे, कीं तेथें तेवढ्यावर विसंबणें धोक्याचें ठरतें.

बहुतेक घसे विषाणूंमुळें दुखतात. सर्दी, खोकला, बसलेला आवाज हीं त्याचीं लक्षणें. अशीं दुखणीं आपोआप बरीं होतात. तेथें प्रतिजैविकांचा उपयोग नाहीं. मात्र ५ ते १५ वर्षांच्या मुलाला एकाएकीं ताप भरला, गिळतांना फार दुखूं लागलें, टॉन्सिल सुजले, गळ्याच्या गांठी दुखूं लागल्या आणि खोकला मुळींच नसला, तर 'स्ट्रेप्टोकॉकस' जंतूचा संशय धरावा. नुसतें पाहून निश्चय होत नाहीं. डॉक्टरांकडून घशांतील स्राव तपासून घ्यावा.

जंतु सांपडला, कीं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन बहुधा १० दिवस देतात. खरी कसोटी तिसऱ्या दिवशीं लागते. ताप उतरलेला असतो, मूल खेळूं लागतें आणि वडील मंडळी म्हणतात, "आतां कशाला तें उष्ण औषध?" उरलेल्या गोळ्या कपाटांत जातात, आणि पुढें धाकट्याला सर्दी झाली कीं बाहेर निघतात. या दोन्ही चुकाच होत.

कारण हें औषध घशापेक्षां हृदयासाठीं असतें. जंतु समूळ गेला नाहीं, तर दोन-तीन आठवड्यांनीं कांहीं मुलांना रुमॅटिक ज्वर येतो. जंतूंशीं झुंजणारें शरीर स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटतें. सांधे बरे होतात. हृदयाची झडप मात्र जन्माची अधू होऊं शकते. आपल्या देशांतून हा विकार अद्याप हटलेला नाहीं.

पेनिसिलिननें तो टाळतां येतो, हें अमेरिकेंतील वॉरेन हवाई तळावरील सैनिकांवर उपचार करून डॉक्टरांनीं १९५० सालीं दाखवून दिलें. दुखणें लागल्यापासून ९ दिवसांच्या आंत औषध सुरू झालें तरी बचाव होतो. तेव्हां तपासणीसाठीं एखादा दिवस गेला तर घाबरूं नये. पूर्वीं पेनिसिलिननें अंगावर पुरळ उठला असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें. औषध सुरू झाल्यावर निदान एक दिवस मुलाला भावंडांपासून दूर निजवावें.

ज्या घरांत चातुर्मासाचे नेम चुकत नाहींत, तेथें दहा दिवसांचा हा नेम कठीण कां वाटावा?