प्रभू येणार आहे, मग पेरणी कशाला?



आगमनकाळ जवळ आला आहे. नाताळाआधीचे चार रविवार आपण प्रभूच्या पहिल्या येण्याची आठवण करतो आणि त्याच्या दुसऱ्या येण्याची वाट पाहतो. पहिल्या येण्याविषयी आपल्या मंडळ्यांत गाणी, नाटके, संदेश भरपूर होतात. दुसऱ्याविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. मीही बोलत नव्हते. या उन्हाळ्यात एका पाड्यावर जे घडले, त्यामुळे मला हा विषय शास्त्र उघडून नीट अभ्यासावा लागला. तो अभ्यास आपल्यापुढे ठेवते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात मी मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहते. मे महिन्यात मी पाड्यांवर फिरून जूनला कोण कोण परत येणार, याची यादी करते. नववी पास झालेल्या एका हुशार मुलीच्या घरी गेले, तर तिचे वडील म्हणाले, "बाई, आता कसली धावी? प्रभू येतो आहे. जून संपायच्या आत."

मी अंगणात पाहिले. दावणीला बैल नव्हते. त्यांनी ते विकले होते. शेजारच्या शेतांत राब भाजून काळे झाले होते, यांच्या शेतात काहीच तयारी नव्हती. राब नाही म्हणजे भाताचे, नागलीचे रोप नाही. रोप नाही म्हणजे आवणी नाही. आवणी नाही म्हणजे वर्षभर घरात दाणा नाही. बियाणे त्यांनी दळून खाल्ले होते. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने हिशेब मांडून तारीख सांगितली होती आणि तसाच एक व्हिडिओ पाड्यावरच्या मोबाईलमध्ये फिरत होता.

मी त्यांना मत्तय 24:36 ची आठवण करून दिली: तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. ते शांतपणे म्हणाले, "दिवस आणि घटका कळत नाही, असं लिहिलंय बाई. महिना आणि वर्ष कळत नाही, असं कुठं लिहिलंय?"

मला उत्तर देता आले नाही. दहा वर्षे मी या भागात आहे. आम्ही मुलींना उत्पत्तीपासून शुभवर्तमानांपर्यंत सगळे शिकवले, पण हा विषय अवघड म्हणून बाजूला ठेवला. आम्ही रिकामी ठेवलेली जागा दुसऱ्या कोणीतरी भरली.

तारखेविषयी शास्त्र काय सांगते

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रेषितांची कृत्ये 1:6-8 मध्ये आहे. शिष्यांनी उठलेल्या प्रभूला विचारले की, इस्राएलाचे राज्य आताच पुन्हा उभे करणार काय? प्रभूने सांगितले की काळ आणि समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणे तुमचे काम नाही. म्हणजे केवळ दिवस आणि घटकाच नव्हे, महिना, वर्ष, युग हे सगळे त्यात आले. आणि लगेच त्याने त्यांना काम दिले: पृथ्वीच्या शेवटापर्यंत साक्षी व्हा.

तरीही लोकांनी पुन्हा पुन्हा हिशेब केले. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या एका शेतकऱ्याने दानीएलाच्या पुस्तकावरून गणित मांडले आणि 1843 च्या सुमारास प्रभू येईल, असे सांगितले. पुढे त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी शेतातली पिके तशीच उभी ठेवली. ती रात्र गेली, सकाळ झाली आणि हजारो माणसे रडली. इतिहासात त्याला 'महान निराशा' म्हणतात. आपल्या काळात हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरील प्रचारकाने 21 मे 2011 ही तारीख जगभर गाजवली. ती चुकल्यावर त्याने ऑक्टोबरची तारीख दिली, तीही चुकली. पुढच्या वर्षी त्याने आपली चूक जाहीरपणे कबूल केली. पण ज्यांनी त्याच्या शब्दावर नोकऱ्या सोडल्या आणि साठवलेले पैसे खर्च केले, त्यांचे नुकसान झाले ते झालेच.

थेस्सलनीकातील मंडळी

हा प्रश्न नवा नाही, हे वाचून मला धीर आला. इ.स. 50 च्या सुमारास पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र लिहिले. प्रभू येण्याआधीच आपली काही माणसे मरण पावली, त्यांचे काय होणार, याचे त्या नव्या मंडळीला दुःख होते. पौलाने चौथ्या अध्यायात सांगितले की ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, कोणी मागे राहणार नाही. त्याने हे लिहिले ते एकमेकांचे सांत्वन करण्यासाठी, कोणाला भिववण्यासाठी नव्हे.

दुसऱ्या पत्रात वेगळीच अडचण दिसते. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे, अशी अफवा कोणीतरी पौलाच्या नावाने पसरवली होती. पौलाने दुसऱ्या अध्यायात ती खोडून काढली. तिसऱ्या अध्यायात काम सोडून बसलेल्यांना त्याने खडसावले की ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. तो स्वतः हाताने काम करून पोट भरत होता. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता काय, यावर अभ्यासकांची मते वेगळी आहेत. पण जो पौल प्रभूची आतुरतेने वाट पाहत होता, तोच हातातले काम सोडू नका म्हणत होता, एवढे स्पष्ट आहे.

आपण काय मानतो

या विषयात मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील हजार वर्षांच्या राज्यावरून मुख्य तीन मते आहेत. पहिले मत असे की प्रभू आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर आणि आयरेनियस असे मानत. दुसरे मत असे की हजार वर्षे ही खूण आहे आणि ख्रिस्त आताच आपल्या मंडळीद्वारे राज्य करीत आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीनने हे मांडले आणि पुष्कळ जुन्या मंडळ्यांनी ते स्वीकारले. तिसरे मत असे की सुवार्तेने जग हळूहळू बदलत जाईल आणि त्या भरभराटीच्या काळानंतर प्रभू येईल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील अनेक मिशनरी या आशेने समुद्र ओलांडून निघाले.

महासंकटाच्या आधी मंडळी गुप्तपणे उचलली जाईल, ही शिकवण आज आपल्याकडे बरीच ऐकू येते. तिचा प्रसार 1830 नंतर जॉन नेल्सन डार्बी यांच्याकडून आणि पुढे 1909 मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह बायबलमधून झाला. ती मानणारे पुष्कळ प्रामाणिक बंधुभगिनी आहेत. त्यांच्याशी वाद घालणे हा माझा हेतू नाही.

परंतु 1 थेस्सल. 4:17 मधील एका शब्दाविषयी पाळकसाहेबांनी मला सांगितले, ते येथे देते. प्रभूला 'भेटण्यासाठी' या अर्थाचा तेथील मूळ ग्रीक शब्द दहा कुमारींच्या दाखल्यात येतो, वराला सामोरे जाण्यासाठी. तोच शब्द प्रेषितांची कृत्ये 28:15 मध्ये येतो. तेथे रोममधील विश्वासणारे पौलाला वाटेत सामोरे गेले आणि त्याच्याबरोबर पुन्हा शहरात आले. आपल्याला हे समजायला अवघड नाही. नवरदेवाचे वऱ्हाड वेशीशी आले की मुलीकडचे वाजतगाजत सामोरे जातात, सीमांतपूजन करतात आणि त्याला गावात घेऊन येतात. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की या वचनात जग सोडून पळून जाण्यापेक्षा येणाऱ्या राजाला सामोरे जाण्याचा भाव आहे.

मते कितीही असोत, मतांगीकारात आपण सगळे एकमुखाने काही गोष्टी कबूल करतो. प्रभू येशू स्वतः परत येईल. मेलेले उठतील आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय होईल. त्याच्या राज्याला अंत नसेल. त्याबरोबरच देव नवे आकाश व नवी पृथ्वी करील, अशी आशा शास्त्र आपल्याला देते. या कबुलीत तारीख कोठेही नाही.

ही आशा कोणासाठी?

ज्याचे या जगात बरे चालले आहे, त्याला प्रभूच्या येण्याची फारशी घाई नसते. पाड्यावर तसे नाही. द्राक्षबागेत महिनाभर राबून पूर्ण मजुरी न मिळालेल्या माणसाला, वेळेवर गाडी न मिळाल्याने बाळ गमावलेल्या आईला न्याय करणारा येत आहे, ही खरोखरच सुवार्ता आहे. त्या वडिलांनी बैल विकले ते मूर्खपणाने नाही. त्यांना प्रभू यावा असे मनापासून वाटत होते. त्यांची आशा खरी होती, त्यांना सांगितलेला हिशेब खोटा होता.

आणि हा न्यायाधीश काय विचारील, तेही मत्तय 25 मध्ये आहे. भुकेल्याला अन्न दिले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, आजाऱ्याची भेट घेतली काय? त्याच अध्यायात रुपये जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आहे. धनी येईपर्यंत हातातले काम करीत राहणे, याला प्रभू वाट पाहणे म्हणतो. प्रकटीकरण 7:9 मध्ये सिंहासनासमोर सर्व राष्ट्रांचे, वंशांचे आणि भाषांचे लोक उभे आहेत. आमच्या कोकणा आणि वारली मुलींना मी आता हे वचन मुद्दाम वाचायला लावते.

पुढे काय झाले

जून संपला. पाऊस वेळेवर आला. ती तारीख गेली. बाजारात काही जण त्या वडिलांना पाहून हसले आणि त्यांनी उपासनेला येणे सोडले. दोन रविवार गेल्यावर मंडळीतील एक वृद्ध आजी त्यांच्या घरी जाऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "प्रभू आला नाही म्हणून तू का येत नाहीस? आम्ही तरी तिथं कोणाची वाट बघायला जमतो रे?"

त्याच आठवड्यात पाड्यावरच्या चार घरांनी आपले उरलेले रोप त्यांना दिले. शेजारच्या एका ख्रिस्ती नसलेल्या कुटुंबाने दोन दिवस बैल दिले. सगळ्यांनी मिळून आवणी केली. अर्धेच शेत लागले, पण लागले. जुलैच्या मध्यावर ते स्वतः मुलीला घेऊन वसतिगृहात आले. दारात म्हणाले, "बाई, तो आला तेव्हा ही शाळेत असली तरी चालंल ना?" मी म्हणाले, "चालेल की, दादा. तो तिला बरोबर शोधील."

आता आम्ही वसतिगृहात दर बुधवारी थेस्सलनीकाकरांस पत्रे वाचत आहोत. आपणही आपल्या मंडळीत या आगमनकाळात ती वाचावीत, अशी विनंती आहे.  प्रार्थनेसाठी विषय: दहावीच्या मुलींचा अभ्यास, उशिरा लागलेल्या त्या शेताचे पीक आणि त्या कुटुंबाला पुन्हा बैलजोडी मिळावी म्हणून.

मारानाथा. हे प्रभू, ये.

आपली ख्रिस्तातील बहीण,
वसतिगृह सेविका