एकाला लिहिलेलं, सगळ्यांसाठी उरलेलं

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ सप्टेंबर १९२१ रोजी लंडनहून कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांना पत्र लिहिलं. मागणं सरळ होतं. शिक्षण पुरं करून मायदेशी परतायला पैसे अपुरे पडताहेत, २०० पौंड कर्जाऊ मिळावेत, परत आल्यावर व्याजासह फेडीन. त्याच पत्रात महाराजांच्या प्रकृतीची काळजी आहे आणि सामाजिक लोकशाहीच्या चळवळीला तुमची गरज आहे, हे मनापासून सांगणंही आहे.

आदल्याच वर्षी, मार्च १९२०मध्ये, माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना भर सभेत समाजाचा नेता म्हणून पुढे केलं होतं. त्या सभेची नोंद इतिहासाने ठळकपणे घेतली. पण या दोघांत किती विश्वास होता, हे सभेपेक्षा या पत्रातून जास्त कळतं. पैशाची नड माणूस चारचौघांत बोलून दाखवत नाही. ज्याच्यापाशी मन मोकळं करता येतं, त्यालाच ती कळवतो.

मोबाइल हातात असताना पत्राची ओढ का टिकून आहे, याचं उत्तर मला इथे सापडतं. पत्राचा वाचक एकच असतो, म्हणून लिहिणारा आडपडदा ठेवत नाही. आणि ते कागदावर उतरलेलं असतं, म्हणून तो मोकळेपणा शंभर वर्षांनीही वाचता येतो.

घरात जुनं अंतर्देशीय पत्र असेल तर ते उघडून पाहा. फिकट निळा कागद, ठरलेल्या घड्या, मोजकी जागा. वर ‘श्री’, खाली तीर्थस्वरूप किंवा चिरंजीव, मग साष्टांग नमस्कार, मग पाऊसपाणी आणि पेरणी. सुरुवातीला अक्षर ऐसपैस असतं. जागा संपत आली की ओळी दाटीवाटीने बसतात, मजकूर समासात वळतो आणि ‘ता. क.’ चिकटवायच्या पट्टीपर्यंत जाऊन पोचतो. बहुतेकदा खरी बातमी तिथेच असते: धाकटीला स्थळ आलंय, आईचे गुडघे दुखतात, पण तिने कळवू नको म्हटलंय. पत्र घाईने फाडलं तर नेमके हेच शब्द तुटायचे, म्हणून ते जपून फोडायची रीत होती.

खाडाखोड, शाईचा डाग, मध्येच बदललेलं पेन यांतूनही लिहिणाऱ्याची मनःस्थिती कळते. छापील अक्षरात ती पुसली जाते. हाताने लिहिण्याचा फरक मेंदूतही दिसतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या आणि २०२४मध्ये निष्कर्ष मांडले. कळफलकावर टाइप करण्यापेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला संपर्क कितीतरी व्यापक होता. हे विद्यार्थी डिजिटल पेनने पडद्यावर लिहीत होते. म्हणजे कागद नसला तरी अक्षर वळवणाऱ्या हाताचं काम बोटाने कळ दाबण्याहून वेगळं असतं.

लिहिणारा हात दुसऱ्याचा असेल तर पत्र खरं कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मराठेशाहीत राजाच्या नावाने जाणारी पत्रं बहुधा कारकून मोडी लिपीत लिहीत. मग ती राजाचीच, याची खात्री कशी पटायची? माथ्यावर मुद्रा उठवली जाई आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. शिवरायांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं होती: पत्राची मर्यादा इथवर, यापुढे कुणी काही घुसडू नये. शब्द दुसऱ्याने लिहिले तरी जबाबदारी राजाची, हे त्या दोन शिक्क्यांनी पक्कं होई.

असे कागद राखले गेले, म्हणून कोल्हापूरचा इतिहास सांगता येतो. शिवाजी विद्यापीठ १९६२मध्ये सुरू झालं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी महाराणी ताराबाईंच्या काळातल्या कागदपत्रांचे खंड संपादित केले. पुढे राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचेही खंड निघाले. ताराबाईंची जिद्द आणि शाहूंची तळमळ आपल्यापर्यंत पोचली, त्यात दप्तरं सांभाळणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

साध्या घरांच्या दप्तराचं काय? सीमेवरच्या जवानाने गावी धाडलेली पत्रं, मुंबईच्या गिरणीतून आलेली ख्यालीखुशाली, सासरहून लेकीने लिहिलेलं कार्ड हाही इतिहासच आहे, आणि त्याला कुणी राखणदार नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा ट्रंकांतले कागदही भिजले. शाईपेनाचं अक्षर पाण्यात फुटतं. भिजलेली पत्रं ओढून सोडवू नयेत आणि कडक उन्हातही टाकू नयेत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मध्ये कोरे टिपकागद ठेवून सावकाश वाळवावीत. लॅमिनेशन तर कधीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. सुती कापडात गुंडाळून उंच फळीवर ठेवावीत आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. जपणुकीच्या कामी मोबाइल पत्राचा चांगला सोबती आहे.

नवं पत्र लिहायलाही वाट मोकळी आहे. पोस्टकार्ड अजून ५० पैशांचं आहे. टपाल खात्याच्या ‘ढाई आखर’ स्पर्धेत देशभरातली मुलं आणि मोठी माणसं हाताने पत्रं लिहून पाठवतात. पत्त्याखाली पिन कोड लिहिताना कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची आठवण ठेवावी. संस्कृतचे विद्वान आणि टपाल खात्यातले अधिकारी असलेल्या वेलणकरांनी घडवलेली ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. आपल्या कोल्हापूरचा पिन कोड ४१६ने सुरू होतो; त्यातला पहिला ४ पश्चिमेचा टपाल विभाग दाखवतो. हे तीन आकडे कोल्हापूरपुरते नाहीत, सांगली आणि सावंतवाडीही त्यांतच येतात.

ज्याला बरेच दिवस काही सांगायचं राहून गेलंय, त्याला या आठवड्यात पत्र लिहा. अक्षर वाईट आहे, ही सबब सांगू नका. भरपूर मजकूर हवा असंही नाही. आणि तारखेपुढे साल घाला. आपण नुसतंच ‘सोमवार’ लिहून मोकळे होतो आणि पन्नास वर्षांनी नातवंडांना त्या पत्राचा काळच लागत नाही. आज एकालाच सांगितलेली गोष्ट उद्या त्यांना आपलं घर कसं होतं ते सांगेल.